जेपेगनं पाखडलेलं नाव

माझा फोटो चोरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी भोरच्या बाजारपेठेत छातीठोक सांगायचो! साल दोन हजार तीन. स्टुडिओत नवा कॉम्प्युटर, त्यात एक भन्नाट प्रोग्रॅम. फोटोच्या आत 'फिरोज' हे नाव लपवायचं. डोळ्यांना दिसत नाही, पण प्रोग्रॅमला विचारलं की पोपटासारखं बाहेर येतं!

प्रश्न एवढाच, फोटो ठेवायचा कुठल्या प्रकारच्या फाईलमध्ये? जिफमध्ये रंग इतके कमी, की माझ्या फोटोतला राजगड शेवाळलेल्या रांजणासारखा दिसायला लागला. बीएमपीत नाव शाबूत राहिलं, पण फाईल म्हशीएवढी, फ्लॉपीत मावेना! मग तीच मी जेपेगमध्ये बारीक केली, बीएमपी पुसून टाकली आणि फ्लॉपी गडाच्या पायथ्याच्या पालीतल्या आनंदरावांना दिली. त्यांना आपल्या खानावळीवर राजगडाच्या फोटोचा बोर्ड लावायचा होता.

आठवड्यानं आनंदराव दारात हजर! सोबत कापूरहोळचा बोर्डवाला मानसिंग.

"फिरोज, ह्येला फ्लॉपी दिली बोर्ड करायला, तर म्हनतो फोटो त्येचाच हाय, तू चोरलास! खोटा कोन ते आत्ताच कळू द्या. जो खरा, त्येला आमच्या लेकीच्या, रत्नाच्या लग्नाच्या फोटूंचं काम. खोट्याला अख्ख्या वेल्हे तालुक्यात कुनी दारात उभं करनार न्हाई!"

मी ऐटीत हसलो. "काका, फोटोच बोलेल!"

त्यांची फ्लॉपी कॉम्प्युटरात सरकवून प्रोग्रॅमचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'नाव आढळले नाही.'

पुन्हा दाबलं. आढळले नाही!

फाईल बारीक करताना जेपेगनं माझं नाव कोंड्यासारखं पाखडून टाकलं होतं!

"बोलंना व्हय फोटू?" मानसिंग मिशीत हसला. आनंदराव उठून चपला घालायला लागले.

तेवढ्यात माझी बायको अम्रीन चहा घेऊन आली. पडद्याकडं बघून थबकली.

"अहो, त्या कोपऱ्यातल्या दगडावर मीच ना?"

मी फोटो मोठा केला. कोपऱ्यातला हिरवा ठिपका बाई झाला. हातात तुटकी चप्पल, तोंड उघडं, कपाळाला आठ्या. अम्रीनच!

मानसिंगची मिशी खाली आली. आनंदरावांनी एकदा पडद्याकडं, एकदा अम्रीनकडं पाहिलं.

"सूनबाई, फोटूत काय म्हनत व्हतीस?"

"ह्यांना म्हणत होते, फोटो पुरे करा, आधी पाणी द्या!"

आनंदराव हसत सुटले. मानसिंग चहा न घेताच सटकला. लग्नाचं काम मला मिळालं, बोर्डही झकास झाला.

आता पालीला ट्रेकर त्या बोर्डापुढं थांबतात खरे, पण 'हा फोटो कुणी काढला?' असं एकानंही विचारलेलं नाही. सगळे विचारतात, "त्या बाई कुणावर एवढ्या खवळल्यात?"