अप्पांची हलती फरशी

वीरभद्रअप्पांच्या घरी कुणी गेलं, की ते आधी 'या' म्हणत नसत. आतून आवाज यायचा, "कुठल्या फरशीवर उभारलाव?" पाहुण्यानं खाली बघून सांगायचं, मोठ्या, नाहीतर लांबुळक्या. मग दुसरा प्रश्न, "हलायली का?" हलतेय म्हटलं तर अप्पा खूश. नाही म्हटलं तर म्हणत, "जरा वजन टाकून बघा की."

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिकडंतिकडं कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती. त्यातल्या एका बांधकामावर उरलेली शहाबादी फरशी अप्पांनी बैलगाडीत घालून आणली. एकीचं माप दुसरीला नाही. दोन फुटी चौकोनी, दीड बाय दोन, एक बाय दीड, आणि काही तर अशा, की त्यांना माप म्हणायचीही लाज वाटावी. ती सगळी त्यांनी अंगणात मातीवर नुसती मांडून ठेवली. सिमेंट नाही, चुना नाही. का, तर नक्षी ठरत नव्हती. सकाळी अंघोळ झाली, कपाळाला विभूती लागली, की अप्पा पहार घेऊन अंगणात उतरत आणि कालची नक्षी मोडत.

त्यांचा नियम एकच. "चार कोपरे एका जागी येऊ द्यायचे न्हाईत. चौघं तोंडाला तोंड लावून बसले की भांडण होतंय. तिघं बरे."

नवी कलेक्टर कचेरी बघायला सगळं गाव गेलं, तसे अप्पाही गेले. कशी वाटली, असं मी विचारलं.

"इमारत बरी हाय," ते म्हणाले. "पर फरशी समदी एका मापाची. तिथं मानूस रांगंतच उभारनार."

मी तेव्हा आमच्या मंडळाची पत्रकं काढायचो. सकाळी लिहायची, दुपारी छापायची, संध्याकाळी वाटायची. पुढच्या पत्रकात मी हे वाक्य ठळक टाईपात घातलं. अप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि परत दिलं. "पुढारी, कचेरी घातलास. चार कोपऱ्याचा नियम कुठंय?"

त्यांची धान्याची आडत बंद झाली होती. काकू गेल्या होत्या. दोन्ही मुलं पुण्याला होती. घरात अप्पा आणि फरशी.

मग दुष्काळ आला. टँकर मागच्या गल्लीत थांबायचा, आणि अप्पांच्या घराला पुढचं आणि मागचं अशी दोन दारं. सगळ्या गल्लीनं त्यांच्या अंगणातूनच वाट पाडली. उजाडल्यापासून घागरी, कळश्या, डबे. फरशा नुसत्या खडखडत असत.

"अप्पा, आजबी अर्धी कळशी तुमच्या फरशीनं पिली," समोरच्या गंगाबाई ओरडत.

"कुठल्या फरशीनं?"

"रोज जागा बदलताव, नाव काय घ्यावं तिचं?"

अप्पा लगेच बाहेर येत, फरशीखाली दगडाची कपची सारत, आणि त्याच निमित्तानं विचारत, "ही आडवी बरी दिसंल का उभी?" डोक्यावर भरली घागर घेऊन बाया नक्षीवर वाद घालत. एकीला उभी हवी, दुसरीला आडवी. तिसरी म्हणे, "घर कुनाचं हाय, त्याला इचारा की." पाण्याची वाट अशी हळूहळू पक्की झाली. पण पुढच्या दाराजवळची लांबुळकी फरशी मात्र हलायची ती हलायचीच. तिच्याखाली अप्पांनी कधी कपची घातली नाही.

मला या सगळ्याचा राग यायचा. लोक पाण्यासाठी मोर्चे काढताहेत आणि हा माणूस नक्षी काढतोय. एकदा मी म्हटलंच, "अप्पा, एकदाचं सिमेंट लावून मोकळे व्हा."

"मसाला कालवायला पानी लागतंय. वरून पाजायला लागतंय. लोकांच्या घागरीतलं पानी फरशीला पाजू का?"

 संध्याकाळच्या सभेत मी त्यांचं उदाहरण दिलं. तत्त्वाचा माणूस म्हणालो.

पुढं पाऊस चांगला झाला. घरोघर नळ आले. आम्ही विजयाचं पत्रक काढलं. ते द्यायला अप्पांकडं गेलो, तर अंगणात चिटपाखरू नाही. लांबुळकी फरशी पायाखाली खट्‌ करून वाजली.

"गंगाबाई का?" आतून आवाज आला.

"मी आहे, अप्पा."

"हां." मी आत गेलो. मग म्हणाले, "तिला नळ आलाय, न्हाई का."

पत्रकातला विजय त्यांनी वाचला आणि उशाखाली ठेवला.

आमच्या मंडळानं ठरवलं, दुष्काळभर या अंगणानं गल्लीला वाट दिली, तर श्रमदानानं ते पक्कं करून द्यायचं. रविवारी पोरं थापी, घमेली घेऊन आली. आता पाण्याचंही निमित्त नव्हतं. अप्पांनी नक्षीवरनं दुपार केली. ही इकडं, ती तिकडं, परत इकडं. घमेल्यातला मसाला आवळून यायला लागला, तसे ते बाजूला झाले आणि म्हणाले, "बसवा मग. चार कोपरे तेवढे बघा."

आम्ही मागच्या दारापासून बसवत आलो. अप्पा खांबाला टेकून बघत होते. एकेक फरशी मुकी होत चालली होती. लांबुळकीपाशी आलो, तेव्हा ते पुढं येऊन तिच्यावर उभेच राहिले.

"एवढी राहू दे सुटी."

"अप्पा, अडखळून पडाल."

"मी कशाला पडतोय. मी आतच असतोय." त्यांनी पायानं ती जरा हलवून बघितली. "आतल्या खोलीत न्हाईतर कळत न्हाई कोन आलं ते."

कोण येणार, हे विचारायला एका पोरानं तोंड उघडलं होतं. मी त्याला घमेलं धुवायला पाठवलं.

पत्रकं अजूनही वाटतो. बाकीच्या घरांत दाराच्या फटीतून सरकवतो. अप्पांच्या अंगणात मात्र आत जातो आणि लांबुळकीवर पुरतं वजन टाकतो.

"ती फरशी हलायली बघ," आतून आवाज येतो.

"बघतो," मी म्हणतो, आणि दुसरा पाय टाकतो.