दाजी परबांचं गाऱ्हाणं

दाजी परब एसटीतून कधी उतरले नाहीत. ते एसटीतून उडी मारत. गाडी पुरती थांबायच्या आत, दोन्ही पाय जुळवून, हनुवटी छातीला लावून. आणि पाय टेकले की खांद्यावर एक कोलांटी. मग धूळ झटकत ते आमच्याकडे बघत. आम्ही बिचारे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडा धरून एकेक पायरी उतरत असू.

"बगा, बगा! म्हशी व्हाळात उतरतत तशे उतरतत!"

मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. दाजी तिथले पेन्शनर हवालदार, हवाई छत्रीवाल्या पलटणीतले. आणि मी तिथला पोस्टमास्तर, म्हणजे दाजींच्या लेखी तमाम भित्र्यांचा पुढारी. "मास्तरानू, उडी मारूच्या आदी जो इचार करता ना, तो पोस्टात चिकाटता," असं ते माझ्याच खुर्चीत बसून मला सांगत. मला राग यायचा, पण चहा मीच पाजायचो.

"इमानाचो दरवाजो उघडलो काय वारो कानफटीत मारता. साहेबान खांद्यार थाप मारल्यान काय जावचा! पोट खंय आसा ता कळणा नाय. मगे छत्री उघाडता, आणि कोणीतरी काखेत धरून वर वडल्यासारख्या जाता. आणि मगे..." इथे दाजी विडी विझवत. "मगे कायच नाय. आवाज नाय, साहेब नाय. सगळी दुनिया खाली गप पडलेली. तसा सुख माका देवळात सुद्दा गावाक नाय."

"आणि छत्री उघडलीच नाही तर?"

"दुसरी आसता. ती पण नाय उघाडली तर इचार करूक येळ खंय आसता?"

दोनदा पाय मोडला होता, एकदा तासभर बाभळीवर लटकले होते. हे सांगताना माणूस असा खुलायचा की ऐकणाऱ्यालाच आपला पाय धड असल्याची लाज वाटावी.

बायको गेली तेव्हा मुलगी शालू चार वर्षांची होती. दाजी पलटण सोडून घरी आले आणि तिला एकट्याने वाढवलं. वेण्यासुद्धा स्वतः घालत, इतक्या करकचून की पोरीच्या भुवया कायम चढलेल्या. तीच शालू मालवणच्या कॉलेजात गेली, छात्रसेनेत शिरली आणि एक दिवस घरी कागद घेऊन आली. आग्र्याला पाच उड्यांचं शिबिर. बापाची सही पाहिजे. दाजींनी अशी दाबून सही केली की कागदाला भोक पडलं.

वाडी खवळली. "चेडवाक इमानातसून ढकलतास? पाय मोडलो तर लगीन कोण करतलो?"

"तुमचे झील जमिनीर रवान काय मोठे दिवे लावतत ते बगतंय मी!"

शेवटी मानकऱ्यांनी ठरवलं, सातेरीला कौल लावायचा. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने पाकळ्या लावल्या. सगळे श्वास रोखून बसले. डावी पडली.

मानकऱ्यांचे चेहरे उजळले. आता दाजी काय बोलणार? दाजी उठले, देवीसमोर गेले आणि त्यांनी स्वतःच गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला मोठ्याने घालायचं साकडं, सुरू केलं.

"बा देवी सातेरी, तू मातयेची देवी. जमिनीर पाय टेकले काय थयसून तुझा राज्य, महाराजा!"

आणि थांबले. आता आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा थांबला की बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. कळायला लागल्यापासूनची सवय. सगळे म्हणाले, "होय महाराजा!"

"त्याच्या वरचा आबाळ माझ्या चेडवाक मोकळा कर, महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ह्या सगळ्या गावकऱ्यांची तेका राजीखुशीन मान्यता आसा, महाराजा!"

"होय महाराजा!"

झालं! मानकऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. देवीसमोर तोंडून गेलेला शब्द मागे कसा घेणार? आणि खरं सांगतो, सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

शालू आग्र्याला गेली. उडीच्या दिवशी मी पोस्ट उघडायला आलो तर दाजी आधीच पायरीवर. दिवसभर आतल्या बाकावर बसून राहिले. चहा दिला, तो निवून गेला. कुणी विचारलं, "काय दाजीनू, भियालास?" की उसळत, "शिरा पडांदे तुझ्या तोंडार! पेन्शनीच्या कागदासाठी इलंय."

दुपारी आम्ही दोघेच उरलो.

"मास्तरानू," दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "उडी मारणाऱ्याचा बरा आसता. तेका भियाक येळ नसता. खाली रवणाऱ्याक सगळो दीस आसता." मग फोनकडे बघत म्हणाले, "शालूची आवस अशीच बसा होती. इतक्यो उड्यो मारलंय, तिका एकदा पण तार धाडूक नाय. बरो आसंय, इतक्याच तर लिवचा होता."

मी त्यांचा निवलेला चहा बदलून दिला.

साडेतीनला मालवणहून फोनवर तार आली. पहिली उडी झाली, सुखरूप, शालू. मी ओरडलोच. मला वाटलं दाजी आता बाकावरून उडी मारणार. ते हलले नाहीत.

"पयली," ते म्हणाले. "अजून चार आसत."

मग त्यांनी तारेचा फॉर्म मागितला आणि भराभर लिहून पुढे सरकवला. 'बस झाला. घराक ये. बाबा.' मी वाचत होतो तोच त्यांनी तो ओढून घेतला, दुसरा फॉर्म मागितला आणि त्यावर सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: 'शाब्बास. बाकीच्यो पण मार. बाबा.'

"ह्यो धाडा."

पहिला फॉर्म मी केराच्या टोपलीत टाकायला उचलला. दाजींनी माझा हात धरला.

"तो हय द्या. धाडूचो नाय, पण टाकूचो पण नाय."

त्यांनी तो खिशात ठेवला आणि घरी जायचं सोडून पुन्हा बाकावर बसले. दुसरी उडी उद्या होती.