भुईचाफ्याची सरकारी पाहणी

उद्यान खात्याचे साहेब, ती फुलं तुम्हीच मारलीत! आणि वर अहवालात लिहिलंत, ‘जागेवर एकही फूल आढळले नाही’!

रिटायर झालेल्या कंपाउंडरांनी इमारतीमागे, एका मोठ्या झाडाखालच्या अंधाऱ्या पट्ट्यात तीन वर्षं भुईचाफा जपला. रानातलं फूल, सावलीतच रमणारं. पान नाही, काही नाही, थेट मातीतून उमलतं आणि दिवसभरात मान टाकतं. कंपाउंडर त्याला औषधाच्या मापानं पाणी द्यायचे. पाहणीत फुलं दिसली तर बाग राहणार, नाहीतर तिथे गाड्या लागणार, असं खात्यानं कळवलेलं.

“बघच, साहेब खुर्ची मागवून बसतील!” त्यांनी बायकोला सांगितलं, आणि उत्साहात खात्याला अर्ज ठोकला: साहेबांच्या डोक्याला लागेल अशी त्या झाडाची एक फांदी कृपया छाटावी.

नऊ अर्ज गिळून ढेकर न देणारं तुमचं खातं, साहेब, नेमकं या दहाव्याला जागं झालं! पाहणीच्या सकाळीच करवतवाले आले. कंपाउंडर दाढी करून बाहेर येईपर्यंत झाडाचा खांब उरला होता.

“अहो, एकच फांदी सांगितली होती!”

“एका फांदीसाठी गाडी काढायची का काका? सगळंच उरकलं!”

ऊन धाडकन खाली आलं. बारा फुलं उमललेली, बाराही लागली मलूल व्हायला.

“चादरी आण! लवकर!”

खिडकीच्या गजापासून खांबापर्यंत दोरी बांधली. चार चादरी संपल्या, तरी एक फट राहिली. बायकोनं कपाळाला हात लावला आणि तिथे स्वतःचा परकर टाकला.

तेवढ्यात साहेब हजर!

“हा काय धोबीघाट आहे?”

“नाही साहेब... खाली... खाली...” कंपाउंडर चादरींखाली बोट दाखवू लागले.

साहेब परकर बाजूला सारून पुढे आले. पाय थेट फुलांवर! कंपाउंडरांचे डोळे तिथेच खिळले.

“माझ्या बुटांकडे काय बघताय?”

“छ... छान आहेत, साहेब.”

“सेलमध्ये मिळाले!” साहेब खुलले, आणि नीट दिसावा म्हणून दुसराही बूट पुढे ठेवला. उरलेल्या फुलांवर.

“अहो, बोला ना काहीतरी!” बायको कुजबुजली.

“बोललो की! छान म्हणालो!”

साहेब वळले तेव्हा टाचेला चिकटलेली जांभळी पाकळी बायकोनं स्वतः पाहिली. आता त्या पट्ट्यात गाड्या लागतात.

तर साहेब, फूल आढळलं नाही म्हणता. बूट उलटा करून पाहिलात का? लेखी उत्तर द्या!