भिंतीला लावलेलं हसू

अध्यक्षमहाराज, भित्रे तुम्ही आहात, आणि हे तोंडावर सांगायला मला कुणाच्या बापाची भीती नाही. कवी वारले. वाचनालयाच्या नव्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, पाटी रंगली, तिच्यावर फडकंही पडलं. आणि ऐनवेळी तुम्हाला त्यांची ती कविता आठवली:

हसणाऱ्यांना भिंतीला लावा.
मोजून घ्या दात.
देशाला एकच तोंड पुरे, तेही मिटलेलं.

हे मनापासून की उपरोधानं? स्वतःचं डोकं चालवायचं सोडून तुम्ही गुप्तहेर नेमलात. तोही कोण, तर तर्कसम्राट!

"माझ्यापुढे पुरावा आपणहून हात वर करतो," बंद दारासमोर तर्कसम्राटांनी आपली ओळख करून दिली. "माझं नाक म्हणजे सर्वोच्च न्यायालय!"

"दाजी, हे शेजाऱ्यांचं दार," मेहुणा म्हणाला. बहिणीच्या शब्दाखातर तो या माणसाची पिशवी वाहायचा. संध्याकाळी नवरा धडधाकट घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

कवीच्या दारात त्यांची मुलगी उभी होती. दातांची डॉक्टर, बोलणं रोखठोक. "बाबांना खरंच माणसं भिंतीला लावायची होती का? ते कळल्याशिवाय मी फडकं ओढणार नाही. दात किडलाय की नाही, तेवढं सांगा."

तिच्या हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली होती. ते मेहुण्यानं पाहिलं. दाजी छताकडे पाहत होते.

मग एकदम ओरडले, "भिंत!"

दाराशेजारी पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक.

"नेम धरायच्या उंच्या! बुटक्यांची वेगळी सोय! मनापासून, शंभर टक्के!"

"ती माझी उंची आहे. दर वाढदिवसाची."

"अरेरे! म्हणजे घरापासूनच सुरुवात करणार होते!"

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. तोवर दाजींनी कवीच्या कोटात हात घालून कुकरची शिट्टी काढली होती.

"स्वयंपाकघराचा आवाज खिशात! हुकूमशहा!" मग ते थबकले. "पण असला हुकूमशहा? ही तर हुकूमशाहीची टर! उपरोध, शंभर टक्के!"

"दाजी, दोनशे झाले."

"अगंबाई, सापडली!" आतून कवीची बायको आली. "लिहिताना आवाज नको म्हणून काढायचे आणि कुठं ठेवली ते विसरायचे. शेवटी मी दुसरी आणली."

मेहुण्यानं सरळ विचारलं, "काकू, कविता मनापासूनची होती का हो?"

"होती की! तेव्हा सगळ्या देशाला रांगेत उभं करायला निघाले होते."

मुलगी तडक आत जायला निघाली.

"ऐक तरी," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मांजर यांच्या खुर्चीत बसलं. हे 'ऊठ बाई, ऊठ बाई' करत राहिले. ते काही हललं नाही. सगळी कविता उभ्यानं लिहिली. संध्याकाळी सभागृहात तावातावानं वाचायला लागले, मला मांजर आठवलं आणि मी फिस्सकन हसले. मग सगळं सभागृह हसलं."

"आणि बाबा?"

"तोंड एवढंसं झालं. माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनाही हसू फुटलं. लोक म्हणाले, काय उपरोध आहे! घरी आल्यावर म्हणाले, तू हसली नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. तसलं पुन्हा लिहिलं नाही."

मुलीनं डोळे पुसले, आणि सगळे दात दिसतील अशी हसली. "ओढते मी फडकं. पण हे सगळं सांगून."

"मी म्हटलंच होतं," दाजी म्हणाले, "दोन्ही!"

"काकू, हे आधी कुणी विचारलं नाही?" मेहुण्यानं विचारलं.

"नाही रे. अध्यक्ष आले होते, चहा पिऊन गेले. त्या संध्याकाळी सभागृहात तेही होते की, माझ्याच शेजारी. ओळीओळीला मान डोलवत होते, अगदी मनापासून. सगळे हसले तेव्हा इकडंतिकडं पाहिलं आणि मग हसले."

अध्यक्षमहाराज, कवीचं कोडं सुटलं. आता पाटीसमोर उभे राहाल तेव्हा सांगा: डोलली ती मान खरी, की नंतर आलं ते हसू? उत्तर द्या.