नामदेवभाऊंचा काटा आणि माझी गिट्टी

नामदेवभाऊ माणसाला चालण्यावरून मोजतात. लग्नाच्या मांडवात सगळे अक्षता घेऊन उभे असताना ते माझ्या कानाशी लागतात, "नवरीचा मामा. ब्याण्णव किलो. मागचे टायर बसून राह्यले."

घुग्घुसला कोळशाच्या ट्रककाट्यावर त्यांची नोकरी झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी धानाची पोती मोजायचा जुना काटा ओट्यावर आणून ठेवला आणि यंदापासून दर रविवारी आमची गल्ली त्यावर चढवायला सुरुवात केली. आकडा मोठ्यानं सांगायचा, वहीत लिहायचा. वाढला असेल त्याला हुकूम, "ओव्हरलोड. रेल्वे फाटकापर्यंत पायी जा, खाली करून या."

लोक हसायचे, पण भाऊंचं चूक नव्हतं. शंभर पावलांवरून दूध आणायला आमच्याकडे मोटारसायकल निघते. जेवणावळीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून माणसं बसतात. शाळेच्या शर्यतीत निम्मी मुलं मध्येच खाली बसली आणि आयांनी तिथंच चिप्सची पाकिटं फोडून दिली.

आता माझं. मी निवृत्त शिक्षक आणि तर्री-पोह्यांचा जुना भक्त. रेल्वे फाटकापर्यंत चालायची माझी मुळीच तयारी नव्हती. ट्रकवाल्यांची एक लबाडी भाऊंनीच मला सांगितली होती. रिकामी गाडी मोजताना तिच्यात दगड लपवायचे, म्हणजे नंतर भरलेला कोळसा कमी दिसतो. पहिल्या रविवारी मी कमरेला रस्त्याच्या खडीची पाच किलो गिट्टी फडक्यात बांधून काट्यावर चढलो. माझ्या पोटावर ती कुणाला वेगळी दिसली नाही. भाऊंनी सगळ्यांचे खिसे चाचपले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "गुरुजीचे काऊन तपासा?"

मग दर रविवारी मी एकेक किलो गिट्टी काढत गेलो आणि पोहे खात खात हलका होत गेलो.

भाऊ खूश. "शिका जरा गुरुजीपासून. सत्तरीत गाडी हलकी करून राह्यले."

"पण भाऊ, सदरा तर तसाच ताणून आहे त्यायचा," शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या.

"कपडा आकसते, बाई."

सहाव्या रविवारी कंबर रिकामी झाली. सगळे गेल्यावर मी चहाला थांबलो. भाऊ एका बोटानं मोबाइलवर माझा आकडा लिहीत होते.

"कोणाले पाठवता?"

त्यांनी आधी आकडा पाठवला. मग म्हणाले, "अतुलले."

अतुल त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा. दोन वर्षांपूर्वी घरी आला, तेव्हा भाऊंनी पाहुण्यांसमोर त्याला काट्यावर चढवून आकडा पुकारला. एकशे अठरा. त्यानंतर तो घरी आला नाही, फोनही उचलला नाही.

"मंग मी तुमचं वजन पाठवलं," भाऊ म्हणाले. "लिवलं, गुरुजीचं होते तर तुयं काऊन नाई होणार? त्यानं त्याचा आकडा पाठवला जी. नुसता आकडा. पण दर रविवारी येते."

खरं सांगितलं असतं तर बापलेकाचं तेवढं बोलणंही बंद पडलं असतं. आणि पुढच्या रविवारी उतरवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

सोमवारी पहाटे मी फाटकापर्यंत चालत गेलो. परत यायला ऑटो करावा लागला. मंगळवारी मात्र दोन्ही वेळा पायीच.

तेव्हापासूनचे माझे आकडे खरे आहेत. वहीतले पहिले पाच खोटे. त्यांच्यावर विश्वासून पुण्यात एक मुलगा रोज चालतो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी भाऊ म्हणाले, "आज त्याचा आकडा नाई आला." मी चरकलो. त्यांनी मोबाइल पुढे केला. 'बाबा, चालून चालून पाय दुखते.'

ते वाक्य त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग आतून मोहाच्या तेलाची बाटली आणली. बहिणीनं धानोऱ्याहून पाठवलेली.

"लहान असताना खेळून आला का मीच पायाले लावून देत होतो," बूच घट्ट करत ते म्हणाले. "कुरिअरचा पत्ता तुम्ही लिवा, गुरुजी. माझं अक्षर कोणाले लागत नाई."

गिट्टीचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. भाऊ ती बाटली टॉवेलात गुंडाळत होते, तान्हं पोर गुंडाळावं तशी, डोक्याकडची बाजू जरा उघडी ठेवून.

मी पेन मागितला.