झांडोलीचं खरं नाव

डॉमिनिकात मी ओळखत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. चाळीस वर्षं मी या बेटावर बस चालवली. त्यामुळे सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला मॅनेजर हवा म्हटल्यावर मलाच बोलावणं आलं, यात नवल काही नाही.

"कोकोकाका, तुम्ही फक्त यादी भरायची," प्रशिक्षक मिस युफेमी म्हणाली. "फुटबॉल माझ्यावर सोडा."

"नावंच ना? झोपेत भरीन."

सामना अँटिग्वाशी होता, शनिवारी, आमच्याच मैदानावर. आधीच्या तीन सामन्यांत आमच्या पोरांनी एकही गोल केला नव्हता, आणि चौथाही कोरा गेला तर संघच मोडायचा असं वरून ठरलं होतं. गोल करू शकेल असा एकच मुलगा आमच्याकडे होता, आणि पाय मोडून घरी बसलेला तो आता कुठे परत आला होता. त्याचं नाव झांडोली. झांडोली म्हणजे आमच्याकडचा झाडावरचा सरडा. पोराला पळताना एकदा पाहिलं की हे नाव का, असं कोणी विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी मी अर्ज काढला. वर लिहिलं होतं, जन्मदाखल्याप्रमाणे नाव.

"तुझं खरं नाव काय रे?"

"झांडोली."

"कागदावरचं?"

"शाळेत जोशुआ आहे. पण ते बाईंनी ठेवलंय. पहिल्या दिवशी मी काही बोलेचना, म्हणून."

नोंदणी कचेरीत त्या साली असा कुणी जोशुआ जन्मलाच नव्हता. यात मुलाचा दोष नाही. आमच्या बेटावर कागदावरचं नाव कागदावर झोपून असतं आणि माणूस हाकेच्या नावावर जगतो. शेजाऱ्याचं खरं नाव आम्हाला कळतं ते तो वारल्यावर, दुपारी बाराच्या रेडिओवर. पूर्ण नाव, मग 'अमुक या नावाने परिचित', मग नातेवाईक, मग जागा आणि वेळ. तेवढा वेळ सगळं बेट हातातला चमचा खाली ठेवतं.

जन्मदाखला होता मा तितिनकडे. झांडोलीला वाढवणारी ही त्याची आजी वर डोंगरातल्या गावी राहते, आणि फोन वाजला की त्याच्याकडे संशयाने बघत बसते. यादी तर चार वाजेपर्यंत द्यायची होती. मग मी डोकं चालवलं. रेडिओवरच्या क्लॉडियसला चिठ्ठी पाठवली:

'झांडोली या नावाने परिचित. मा तितिन यांचा नातू, पिपिरिट आणि बिग सिस यांचा भाचा. नातेवाईकांनी आज कागदपत्रं घेऊन मैदानावर यावं. उद्या तीन वाजता सर्वांनी उपस्थित राहावं.'

नातेवाईक मुद्दाम घातले. एकाच्या तरी कानावर पडेल, हा हिशोब. शेवटच्या ओळीत सामन्याचीही जाहिरात उरकली.

बारा वाजता पोरं मैदानावर खारा मासा आणि तळलेल्या पुऱ्या खात होती. रेडिओवर ऑर्गन वाजू लागला. मग क्लॉडियसचा जड झालेला आवाज: "झांडोली या नावाने परिचित..."

झांडोलीने घास थांबवला. "काका, हा कुठला झांडोली?"

मी फोनकडे धावलो. "क्लॉडियस, अरे मुलगा माझ्यासमोर जेवतोय."

"परिचित लिहिलंस, नातेवाईक लिहिलेस, जागा आणि वेळ लिहिलीस," क्लॉडियस म्हणाला. "मी लग्न समजायला हवं होतं का, कोको?"

दुरुस्ती त्याने लगेच वाचली म्हणे. पण मृत्यूच्या बातम्या संपल्या की आमच्याकडे रेडिओ बंद होतो.

दोन वाजता गाडी आली. काळी टोपी घातलेली मा तितिन उतरली, मागोमाग चौदा नातेवाईक, एक इस्त्रीचा सूट आणि भाताचं भलं मोठं पातेलं. समोर झांडोली चेंडू खेळवत होता. म्हातारी त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याला एक ठेवून दिली.

"मेलास ना तू?"

"नाही, आजी."

"मग कपडे का मळवलेस?"

एवढं बोलून तिने त्याला असं घट्ट धरलं की पाय नव्याने मोडतो की काय, अशी मला धास्ती वाटली. नंतर तिने बायबलच्या पानांत जपून ठेवलेला जन्मदाखला काढला. पॉलिकार्प एव्हरिस्ट जोसेफ.

"जन्मला त्या दिवशीच्या संताचं नाव," ती म्हणाली. "मला आवडलं नाही, म्हणून वापरलं नाही."

चारला दहा मिनिटं असताना यादी पोचली.

शनिवारी मैदानावर कधी नव्हे ती गर्दी. अर्धं बेट काळ्या-पांढऱ्या कपड्यांत आलं होतं, पुष्पचक्रं घेऊन. अँटिग्वाच्या प्रशिक्षकाने, भला माणूस, एक मिनिट शांतता पाळायची विनंती केली. झांडोलीही मान खाली घालून उभा राहिला. मिस युफेमी सांगते, तो रडलासुद्धा, आणि नंतर तिला विचारत होता, "मिस, कोण गेलं?"

अँटिग्वाने पहिल्या अर्ध्यातच गोल केला. पण रडायला आलेली माणसं फुकट परत जायला तयार नसतात. ती ओरडू लागली. सत्तराव्या मिनिटाला झांडोली तिघांच्या मधून सरसर सुटला आणि जाळं हललं.

"गोल, पॉलिकार्प एव्हरिस्ट जोसेफ," भोंग्यावरून घोषणा झाली.

मैदान चिडीचूप. हा कोण, कोणालाच कळेना. तेवढ्यात मा तितिन बाकावर चढली आणि ओरडली, "तो मेलेला!"

मग पुष्पचक्रं हवेत गेली ती खाली येईचनात. एक-एक बरोबरी. संघ मोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

हे सगळं मी संघाच्या बाकावरून पाहिलं असं तुम्ही समजला असाल. मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं, शेंगदाणेवालीच्या शेजारी उभा राहून. फाटकावरच्या अधिकाऱ्याने माझं ओळखपत्र पाहिलं होतं, मग यादी पाहिली होती.

"तुमच्या ओळखपत्रावर इग्नेशियस तुलॉन आहे," तो म्हणाला होता. "यादीत मॅनेजरच्या रकान्यात फक्त 'कोको' लिहिलंय. हा कोण, तुम्ही ओळखता?"