साऱ्या इमारतीचा धनी

कॉन्रॅडला खोटे बोलता येत नसे. मात्र गप्प बसून घोटाळा करून ठेवणे त्याला सहज जमे. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत आग्नेसचे वडील ऑगस्टीन, लग्नाला होकार देण्याआधी, उमेळ्याच्या नव्या सोसायटीतले त्याचे घर पाहायला आले. सारा जन्म केळीच्या वाडीत गेलेला माणूस. सामाईक विहीर म्हणजे कज्जा, आणि कज्ज्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, हा त्यांचा नेम आग्नेसने कॉन्रॅडला आधीच कळवला होता.

दोन खोल्या पाहून ऑगस्टीन जिन्यात आले. "घर बरं हाय. खालची विहीर कोणाची?"

'सगळ्यांची' हा शब्द कॉन्रॅडच्या ओठांपर्यंत आला आणि बिचकलेल्या पाखरासारखा तिथेच बसून राहिला.

सोसायटीचे सेक्रेटरी दिवाकर जिन्यातच उभे होते. ऑगस्टीन यांचा नेम त्यांच्याही कानावर आला होता. त्यांना पोराची दया आली आणि थोडी लहरही आली. "त्याचीच की," ते म्हणाले.

"आन् गच्ची?"

"तीपण," दिवाकरांच्या पत्नी मथुराबाई वरच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "नि हा जिनासुद्धा. देवमाणूस आहे, आम्हाला वापरू देतो."

ऑगस्टीन यांनी कठड्यावरून बोट फिरवले आणि ते धुळीचे बोट कॉन्रॅडसमोर धरले. "एवढं सगळं तुझं, आन् जिन्यात दिवा नाय? विहिरीत शेवाळ? हे नीट कर, मग पोर देतो."

त्या उन्हाळ्यात कॉन्रॅडने विहीर उपसली, जिन्यात दिवा लावला, गच्चीच्या भेगा बुजवल्या. मावळतीच्या तांबूस उजेडात एकटाच झाडू मारताना त्याला आग्नेस आठवे आणि जीव उगाच हळवा होई. नेमके तेव्हाच खालून दिवाकर मायेने म्हणत, "मालक, टाकीपण बघा जरा."

लग्न झाले. दुसऱ्या दिवशी मथुराबाई पापडांची परात घेऊन वर गेल्या, तर गच्चीला कुलूप. त्या नवऱ्याला घेऊन कॉन्रॅडच्या दारात उभ्या राहिल्या.

"किल्ली देते ना, मावशी," आग्नेस गोड हसून म्हणाली. "पण दुपारपर्यंतच. मग मला मिरच्या घालायच्यात. आणि उतरताना गच्ची झाडून घ्या."

कॉन्रॅड वर्तमानपत्रात आणखी खोल शिरला.

दिवाकरांनी घसा खाकरला. "हे बघ पोरी, गच्ची म्हणजे काय, की सोसायटीत..."

आतून चहाची बशी घेऊन ऑगस्टीन बाहेर आले. लेकीला भेटायला ते सकाळीच आले होते. "काय म्हणता, सेक्रेटरी? गच्चीचा काय कज्जा?"

दिवाकरांनी एकदा बायकोकडे पाहिले, एकदा परातीकडे.

"छे, कज्जा कसला," ते म्हणाले. "झाडू कुठं ठेवता, तेवढंच विचारत होतो."